माणूस आत काढू नये

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यापुढे रत्नागिरी शहर आणि खाडीपलीकडचं भाट्ये या हद्दीत कोणीही माणूस चौकटीच्या आत काढू नये. माणूस चौकटीच्या बाहेरच काढावा. आत काढलेला आढळल्यास कोणतीही सबब ऐकून न घेता शून्य गुण देण्यात येतील. आत काढलेला माणूस दिसायला सुंदर असला तरी शून्यच.

ही घोषणा रिक्षाला भोंगा बांधून गावभर फिरवायची माझी तयारी आहे. आवाज माझ्याकडे आहे. आमच्या हौशी नाट्यमंडळात मी राजाची, पोस्टमनची आणि एकदा ऐनवेळी राणीचीही भूमिका केलेली आहे, त्यामुळे दवंडी पिटणं मला अवघड नाही. पण घोषणा माझी नाही. ती नागवेकर सरांची. ती करायला ते आता नाहीत म्हणून मी करतोय, एवढंच.

सर काय शिकवायचे ते सांगायला लागलं की लोक जांभया देतात, म्हणून एका दमात सांगून टाकतो. संगणकाचा प्रोग्राम लिहिण्याआधी तो कोणासाठी लिहायचा, त्या माणसाला नेमकं काय हवंय, आणि त्यासाठी आत काय काय लागेल, हे सगळं चित्रांत काढायचं. चौकोन, रेघा, बाण आणि काड्यांची माणसं. झालं. याच्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, इंजिनिअरिंगची मुलं याच्यात नापास होतात, आणि मी, आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा मॅनेजर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे शिकायला गेलो.

गेलो म्हणजे पाठवला गेलो. आमच्या संस्थेने बाहेरगावच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर करून घेतलं होतं. ते हापूसच्या प्रत्येक पेटीला उत्पादनाची तारीख विचारायचं आणि ती भरल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आंब्याची उत्पादनाची तारीख कोणती? मोहोर आला ती, की फळ काढलं ती? कंपनीला फोन केला की तिकडचा मुलगा म्हणायचा, "सर, तुमच्या रिक्वायरमेंटमध्ये तसंच होतं." आमचे चेअरमन भाऊ एक दिवस वैतागले आणि मला म्हणाले, "तू नाटकात बोलतोस ना? मग जा, शीक, नि आपल्याला काय पाहिजे ते त्यांना त्यांच्या भाषेत सांग. आपल्या भाषेत त्यांस समजत नाय."

सरांचा वर्ग मारुती मंदिरापासून जवळच, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत भरायचा. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर, या विषयात अडकलेल्या मुलांसाठी त्यांनी तो काढला होता. गिरणी सुरू झाली की फळा थरथरायचा. त्यामुळे सरांचा एकही चौकोन सरळ आला नाही. मुलं वहीत तशाच नागमोडी रेघा काढायची, तेव्हा सर म्हणायचे, "रेघ वाकडी चालेल. ती कोणापासून कोणाकडे जाते तेवढं चुकवू नका."

मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा वर्गातल्या मुलांना वाटलं सर आले, आणि सगळे उभे राहिले. मी हात वर करून आशीर्वाद दिला. तेवढ्यात मागून खरे सर आले. उंच, थोडे पोक काढून चालणारे, शर्टाच्या कॉलरला मागे छत्री अडकवलेली, खिशात लाल आणि निळं अशी दोन पेनं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आपल्याला काय हवंय?"

"शिकायचंय," मी म्हणालो.

"हे तुम्हाला हवंय, की पाठवलंय कोणी?"

"पाठवलंय."

"मग ज्याला हवंय तो बाहेर उभा आहे. बसा."

त्या माणसाचं सगळं आयुष्य या एका प्रश्नावर चालायचं. हे कोणाला हवंय? हॉटेलात पोऱ्याने विचारलं, "साहेब, एक्स्ट्रा बटर?" तर सर शांतपणे विचारायचे, "कोणाला हवंय?" पोऱ्या गोंधळून गल्ल्याकडे बघायचा. सर म्हणायचे, "बघा, खरं उत्तर दिलं त्याने."

दोन पेनांचं काम वेगळं होतं. कोणताही कागद हातात आला की त्यातल्या वस्तूंखाली लाल रेघ आणि कामांखाली निळी. लाल ते आतले चौकोन होणार, निळी त्यांची कामं. ही पद्धत शिकवण्यापुरती ठीक होती, पण सरांचा हात थांबायचा नाही. माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्या उभ्या रेघा मारल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "यात उपस्थिती आहे, आशीर्वाद आहेत, आहेर नको म्हटलंय. जेवण कुठेच नाही."

"सर, जेवण असतंच हो."

"तुम्ही धरून चालताय. विचारून घ्या."

त्यांनी खरोखर माझ्या भावाला फोन करून जेवण आहे का ते विचारलं. माझा भाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आता काड्यांच्या माणसाकडे येऊ. सर फळ्यावर एक मोठी चौकट काढायचे. ही म्हणजे आपली यंत्रणा. मग तिच्या बाहेर, डावीकडे, एक माणूस: वर गोल डोकं, खाली काडी, दोन हात, दोन पाय. त्याचा एक पाय ते नेहमी थोडा वाकडा काढायचे. का विचारलं तर म्हणायचे, "बराच वेळ उभा आहे बिचारा. अवघडलाय."

या माणसाला त्यांच्या शास्त्रात अ‍ॅक्टर म्हणतात. हे कळल्यावर मी इतका खूश झालो की लगेच उठून विचारलं, "सर, मग रंगमंच म्हणजे ही चौकट ना? अ‍ॅक्टर तर आत पाहिजे." आणि फळ्यावर जाऊन चौकटीच्या बरोबर मधोमध एक माणूस काढला. मुकुटासकट.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्या माणसाभोवती आणखी एक चौकोन काढला आणि त्याचे आडवे तीन कप्पे केले. म्हणाले, "जे आत असतं ती वस्तू. वरच्या कप्प्यात तिचं नाव. मधल्यात तिची माहिती. खालच्यात तिच्यावर करायची कामं. पेटी घ्या. नाव पेटी. माहिती, वजन किती, दर्जा कोणता. कामं, भरणे, मोजणे, पाठवणे. पेटीला विचारतं का कोणी, बाई तुला मुंबईला जायचंय का? नाही. तिला हवं-नको नसतं. ज्याला हवं-नको आहे तो बाहेर. तुमचं बँकेतलं खातं आत, तुम्ही बाहेर. माणूस आत काढलात की त्याचं हवं-नको संपलं. तो पेटी झाला."

मग त्यांनी माझा मुकुट पुसला.

पुढे सर आमच्या संस्थेत आले, तेही ऐन हंगामात. पेट्यांचे ढीग, गवताचा वास, टेम्पोवाल्यांची आरडाओरड, आणि मध्ये सर एका उपड्या पेटीवर बसलेले. भाऊ त्यांच्यासमोर छाती काढून उभे.

"आमास रोजचा रिपोर्ट पाहिजे," भाऊ म्हणाले. "दर्जावार. पहिल्यापासून निघतो. तो आलाच पाहिजे."

"कोणाला हवाय?"

"संस्थेस."

"संस्थेला डोळे नसतात, भाऊ. वाचतो कोण?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी हिशेबनिसाकडे. हिशेबनीस शिपायाकडे. शिपाई म्हणाला, तो रोज संध्याकाळी रिपोर्ट आधीच्या चेअरमनसाहेबांच्या टेबलावर ठेवतो. आधीचे चेअरमनसाहेब वारून बराच काळ झाला होता. त्यांच्या टेबलावर आता त्यांचा हार घातलेला फोटो होता. रिपोर्ट रोज फोटोपुढे ठेवला जायचा आणि दुसऱ्या दिवशी पेट्यांच्या तळाला घालायला जायचा. फोटोतले साहेब वाचत असल्यासारखेच दिसायचे, हे मात्र खरं.

मी हसून लोळायचा बाकी होतो. सर म्हणाले, "हसू नका. माणूस गेला की चित्रातून माणूस पुसतात, त्याच्याकडे जाणारी रेघ पुसायला कोणी धजत नाही. सगळीकडे असंच असतं." आणि त्यांनी कागदावर फोटोकडे जाणारी ती रेघ तशीच ठेवली. तिच्या टोकाशी माणूस नव्हता.

सरांचा दुसरा राग होता तो 'हो' या शब्दावर. वर्गात "कळलं?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. "कळलं विचारलं की तुम्ही हो म्हणणार. हो हे उत्तर नाही. हो म्हणजे सुटका. ग्राहक हो म्हणाला की समजा, त्याला तुम्ही जायला हवे आहात. त्याला विचारू नका, तो काय करतो ते बघा."

हा राग कुठून आला ते मला एकदाच कळलं, आणि त्यांनी ते वर्गात, उदाहरण म्हणून सांगितलं. सरांची आई भाट्याच्या घरी त्यांच्याबरोबर राहायची. म्हातारीला अंगणापलीकडच्या संडासात जायला नको म्हणून सरांनी घरातच कमोडचा संडास बांधायला घेतला. गवंडी, प्लंबर, सर, सगळे म्हातारीपुढे उभे राहिले. "आये, हे असं चालेल ना?" म्हातारी म्हणाली, "होय." संडास झाला. पांढराशुभ्र. म्हातारी त्यात एकदाही गेली नाही. घराच्या आत, देवघराच्या भिंतीला लागून ते काम करणं तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. पण एवढ्या पुरुषांपुढे ती ते कसं बोलणार? पावसात ती गुपचूप बाहेर जायची. एकदा शेवाळावरून घसरली, खुबा मोडला, आणि अंथरुणातून उठलीच नाही.

"मी विचारलं, ती हो म्हणाली," सर म्हणाले, आणि फळा पुसायला वळले. फळ्यावर त्यावेळी काहीही नव्हतं.

खाली गिरणी बंद होती, म्हणून ते आम्हाला नीट ऐकू आलं.

वर्ग संपल्यावरही मी सरांकडे जात राहिलो. निमित्त नव्हतं, पण भाट्याचा पूल ओलांडून गेलं की त्यांच्या पडवीत चहा मिळायचा आणि एक प्रयोग फुकट बघायला मिळायचा. सर पडवीत पेपर तपासत बसलेले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आत स्वयंपाकघरात. काकू पोस्टातून निवृत्त झालेल्या, आवाज काउंटरच्या जाळीतून बाहेर काढायची सवय असलेला. मध्येच सर लाल पेन आपटून ओरडायचे, "माणूस आत काढलाय."

आतून, फोडणीच्या वर, काकूंचा आवाज: "द्या शून्य."

थोड्या वेळाने पुन्हा. "याने पण आत काढलाय."

"द्या शून्य."

मी एकदा काकूंना विचारलं, "काकू, माणूस आत काढलाय म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"मला काय करायचंय?" काकू म्हणाल्या. "मला एवढं ठाऊक आहे की माणूस आत निघाला की हे धड जेवत नाहीत. शून्य दिलं की दोन घास जास्त जातात. म्हणून मी आपली सांगते, द्या."

सर पडवीतून म्हणाले, "बघा, तिला काय हवंय ते तिला पक्कं माहीत आहे."

गेल्या फाल्गुनात, सकाळी माडांना पाणी सोडून परत येताना सर विहिरीजवळ कोसळले. मी इस्पितळात पोचलो तोवर उजवं अंग गेलेलं होतं. आणि वाचा गेलेली. म्हणजे पूर्ण गेली नव्हती. एक शब्द उरला होता.

हो.

पाणी हवंय? हो. दुखतंय? हो. बरं वाटतंय? हो. मला ओळखलंत? हो. मी कोण, चेअरमन भाऊ का? हो. जन्मभर ज्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, तेवढाच एक शब्द त्यांच्या तोंडात ठेवला होता. असा विनोद मी नाटकात केला असता तर लोकांनी उठून शिव्या घातल्या असत्या.

सरांचा मुलगा मंदार पुण्याहून आला. मोठ्या कंपनीत हेच काम करतो, याच चौकटी आणि याच रेघा, बापाकडूनच शिकलेला. गुणी मुलगा. या गोष्टीत कोणाला खलनायक करायचा असेल तर दुसरीकडे शोधा. रजा काढून तो महिनाभर राहिला, बापाला साफ केलं, भरवलं, कूस बदलली. सरांना घरी आणल्यावर त्याने पलंगासमोर एक पांढरा फळा लावला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात सगळं मांडलं. वर सरांचं नाव. त्याखाली रेघ मारून वय, वजन, रक्तदाब, साखर. त्याखाली पुन्हा रेघ मारून, औषधं देणे, कूस बदलणे, भरवणे, पुसून घेणे. सांभाळायला येणाऱ्या बाईला सोयीचं व्हावं म्हणून. सर दिवसभर त्या फळ्याकडे बघत पडलेले असायचे.

मंदारने सरांना पुण्याला न्यायचं ठरवलं. त्याची कारणं खरी होती. पुण्यात वाचेवर उपचार करणारे आहेत, त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, इथे काकूंचे गुडघे गेलेले, पावसाळा तोंडावर. हे घर विकायचं, कारण ते बघणार कोण. गिऱ्हाईकही आलं होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती, आणि तीच मंदारला खात होती. सरांना विचारायचं.

त्याने विचारलं, "बाबा, पुण्याला येणार ना माझ्याकडे?"

"हो."

मग जरा थांबून, चेहरा कसाबसा सरळ ठेवून, "की इथेच राहायचंय तुम्हाला?"

"हो."

मला बोलावणं आलं. "काका, तुमचं त्यांच्याशी जमायचं. तुम्ही बघा ना." मी गेलो आणि माझ्या सगळ्या अंगभूत कलेनिशी सरांपुढे उभा राहिलो. पुणे म्हणजे मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून घाट चढलो, लिफ्टमध्ये शिरलो, बटण दाबलं. भाट्ये म्हणजे मी माडावर चढायचा आविर्भाव केला, शहाळं फोडलं, पडवीत बसून पेपर तपासले. सरांचा डावा गाल हसला. उजवा तसाच राहिला.

"सर, पहिलं की दुसरं?"

"हो," सर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याचं की कशाचं ते मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि बोटं हलवली. पेन. मंदारने फळ्याचं मार्कर त्यांच्या हातात दिलं, पाठीला उशा लावून त्यांना बसवलं आणि फळा काढून त्यांच्या मांडीवर धरला. सरांनी डाव्या हाताने, त्या सुवाच्य अक्षरांच्या भोवती एक चौकट ओढली. थरथरती. खाली गिरणी चालू असल्यासारखी. मग त्या चौकटीच्या आत, रक्तदाब आणि भरवणे यांच्या मधल्या जागेत, एक माणूस काढला. गोल डोकं, काडी, दोन पाय. हात एकच, डावा.

मी फळ्याकडे वाकून बघितलं.

"बाबा," मंदार हळूच म्हणाला, "अ‍ॅक्टर बाहेर असतो. तुम्हीच शिकवलंत." त्याने बोटाने तो माणूस पुसला आणि चौकटीच्या बाहेर, डावीकडे, एक नीट माणूस काढून दिला, दोन हातांचा.

सरांनी तळहाताने तो बाहेरचा माणूस पुसून टाकला आणि पुन्हा आत काढला. एका हाताचा.

मंदारने पुन्हा बाहेर काढला. सरांनी पुन्हा पुसला. बापलेक असे एकमेकांची चूक दुरुस्त करत बसले होते आणि कोणाचाही आवाज चढत नव्हता. शेवटी सरांनी मार्कर त्या माणसावर टोचून धरला. एकदा मंदारकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा फळ्याकडे. "हो," ते म्हणाले. "हो. हो. हो."

मंदारने त्यांच्या हातातून मार्कर सोडवून घेतलं, टोपण लावलं आणि बाहेर अंगणाच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, जाऊन बसला. मी त्याच्यामागून गेलो.

"मला वाटायचं, बाकी सगळं गेलं तरी निदान तेवढं शिल्लक असेल," तो म्हणाला. "माणूस कुठे काढायचा तेही गेलं, काका. त्यांना आता विचारण्यात काही अर्थ नाही."

"मंदार," मी म्हणालो, "ते चुकून काढल्यासारखे दिसत नव्हते रे."

"तुम्हाला असं वाटणारच. तुमचा जीव आहे त्यांच्यावर. डॉक्टर म्हणालेच होते, समजही थोडी गेलेली असू शकते. हातही एकच काढला, बघितलंत ना? ती बाजूच विसरलेत ते."

"ती बाजू विसरलेले नाहीत. ती बाजू गेली आहे त्यांची."

त्याने चेहरा दोन्ही हातांत धरला. रडणाऱ्या माणसापुढे युक्तिवाद करायची तालीम मला कधी मिळालेली नाही. परत आत आलो तेव्हा खोलीच्या दारात काकू उभ्या होत्या, हातात पेजेची वाटी. त्या सरांच्या मांडीवरच्या फळ्याकडे बघत होत्या. पेजेवर साय धरलेली होती, म्हणजे बराच वेळ उभ्या असणार.

पुण्याला जायचं त्या दिवशी पक्कं झालं.

सरांना खरोखर काय हवं होतं हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित ते आनंदाने पुण्याला गेले असते. कदाचित त्यांना घर, विहीर, माड यातलं काहीच नको असेल. आपल्याला काय हवंय ते कोणीतरी धरून चालू नये, एवढंच त्यांचं म्हणणं असेल. ते पुण्याला गेले आणि श्रावण लागायच्या आत तिथेच वारले. वाचेच्या उपचारांना नुकती सुरुवात झाली होती. मंदार मला फोनवर म्हणाला, शेवटपर्यंत हो म्हणत होते. आमच्या संस्थेत ती बातमी सांगितली तेव्हा भाऊ शिपायाला म्हणाले, "आजपासून फोटोपुढे रिपोर्ट ठेवू नको." शिपायाने तो दुसऱ्या दिवशीही ठेवला.

मी सरांना शेवटचं बघितलं ते भाट्याला, त्यांना नेत होते त्या सकाळी.

अँब्युलन्स पाखाडीच्या पायऱ्या उतरून खाली येईना, म्हणून आम्ही चौघांनी सरांना स्ट्रेचरवरून वर रस्त्यापर्यंत नेलं. शेजारपाजारचे लोक जमले होते. बायका काकूंना सांगत होत्या, पुण्यात चांगलं होईल गो, काळजी करू नको. कोणीतरी शहाळी आणली होती. गिऱ्हाईकाचा माणूस घराची किल्ली घ्यायला आला होता आणि भलत्या वेळी आल्यासारखं वाटून माडाला टेकून उभा होता. मंदार ड्रायव्हरला रस्ता सांगत होता, हातात कागद होते, डोळे सुजलेले होते. तो फळाही बरोबर घेतला होता, पुण्यात लागेल म्हणून. स्वच्छ पुसून पुन्हा सगळं लिहिलेला.

सरांना आत सरकवलं. वर पांढरं छत, दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती, पायथ्याशी फळा. सरांची मान दाराकडे वळलेली. छत्री कोणीतरी आठवणीने त्यांच्या उशाशी ठेवली होती. चादरीवर डावा हात होता, तो त्यांनी उचलला आणि बोटाने हवेत त्या पांढऱ्या भिंतींच्या कडेकडेने फिरवला, वरून, खालून, पुन्हा वरून. मग बोट छातीवर टेकवलं.

"हो," ते म्हणाले. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

"आई, चढ," मंदार म्हणाला. "उशीर होतोय."

काकूंचा एक पाय अँब्युलन्सच्या पायरीवर होता. दुसरा रस्त्यावर. त्या तशाच थांबल्या. त्यांनी आत बघितलं, मग मागे वळून आम्हा सगळ्यांकडे बघितलं: मंदारकडे, माझ्याकडे, शहाळीवाल्याकडे, किल्लीवाल्याकडे. मग पुन्हा सरांकडे वळल्या आणि फोडणीच्या वर काढायच्या त्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, सगळ्यांनी माणूस आत काढलाय. द्या शून्य."